राहिलो की उरलो

तेलंगणा वेगळा होत होता त्या वर्षी हैदराबादमधल्या कुकटपल्लीच्या ऑफिसने मला स्पॅनिश शिकायला बसवलं. बाकी जमत होतं, पण ‘केदार’ या क्रियापदाने डोकं उठवलं. माणूस राहिला तरी केदार, भात उरला तरी केदार, भेटायचं ठरलं तरी केदार, साडी खुलून दिसली तरी तेच!

बाईंनी घरच्यांवर वाक्य करायला सांगितलं. मी लिहिलं की भाषावार राज्यं झाली तेव्हा मोठे काका नांदेडला गेले आणि आम्ही हैदराबादेत केदार. बाईंनी विचारलं, “म्हणजे मर्जीने राहिलात की मागे उरलात?”

नांदेडच्या लग्नात सख्ख्या काकांच्या घरी आम्हाला पाहुणे म्हणून पहिल्या पंगतीला बसवतात. इथे बरकतपुऱ्यात जन्म गेला, तरी शेजारी विचारतात, “तुमारा गाँव किधर?” मग आम्ही आहोत तरी कुठले?

चिडूनच घरी आले. टीव्हीवर कोण कुठल्या राज्यात जाणार याचीच चर्चा चालली होती. मी बाबांना विचारलं, “मोठे काका नांदेडला गेले, तेव्हा आपण राहिलो की उरलो?”

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

“मी दहा वर्षांचा होतो. दादा निघाला तेव्हा स्टेशनच्या रिक्षात माझीही पिशवी चढवली होती. मग आईने ती उतरवून घेतली.”

“का?”

“तेच तर,” बाबा म्हणाले. “ती होती तोवर विचारायचं राहून गेलं.”