एडनाचा दांडा

मेव्हिस होल्डनच्या घरात एकसष्ट व्हॅक्युम क्लीनर आहेत. जिन्याच्या दर पायरीवर एक, पलंगाखाली सात, आणि न्हाणीघरातल्या टबात तीन. मी एकदा तिला विचारलं, "अगं, मग तू आंघोळ कशी करतेस?"

"एकेकाला उचलून बाहेर ठेवते. ते बघत नाहीत, मी लाजत नाही."

आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. लँकाशरमधल्या या नेल्सन गावात मला सदतीस वर्षं झाली, त्यातली चौतीस मेव्हिसच्या शेजारात गेली. ती शहात्तर वर्षांची आहे. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं साफसफाई केली, लग्न केलं नाही. गल्लीतले लोक चिडवतात, "मेव्हिस, आता नवरा आणलास तर ठेवशील कुठे?" ती म्हणते, "म्हणून तर घर भरून टाकलंय."

रविवारी चर्चहून आली की ती पाळीपाळीने पाच मशीनं चालवते. बंद ठेवली की मोटार आखडते, रबराचा पट्टा तडकतो. मी माझ्या देवापुढे वात लावत असते आणि पलीकडून घरघर सुरू होते. आता मला भिंतीतून ऐकूनही कळतं कोणाची पाळी आहे ते. आमच्या इचलकरंजीत वडील असेच नुसत्या आवाजावरून सांगायचे, तीन नंबरचा माग आज रुसलाय.

बाकीचे संग्राहक मशीन ओळखतात ते मॉडेलच्या आकड्यावरून. मेव्हिस ओळखते बाईवरून. प्रत्येक मशीनच्या गळ्यात सामानाला बांधतात तसली पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. मशीन कोणत्या कंपनीचं ते तिच्यावर नसतं. कोणत्या घरात होतं आणि कोणी ढकललं, एवढंच असतं. "ॲग्नेसला आज तेल घालायचंय," असं ती म्हणते, तेव्हा ॲग्नेस म्हणजे १९४९ सालचं एक निळं मशीन. एका दसऱ्याला मी तिच्याकडच्या एका मशीनला हळदकुंकू लावून फूल वाहिलं. ती म्हणाली, "निळीलाही ठेव गं एक. नाहीतर आठवडाभर धूळ ओढणार नाही."

इतिहास तिने गावच्या वाचनालयात बसून शिकून घेतला. शाळेत ती इतिहासात नापास झाली होती, राजे लक्षात राहत नाहीत म्हणून. पण सुरुवातीचं मशीन घोडागाडीवर यायचं, रस्त्यातच उभं राहायचं आणि खिडकीतून लांबलचक नळ्या आत सोडून गालिचे साफ करायचं, हे ती काल पाहिल्यासारखं सांगते. त्याने एका राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे झाडले होते, तेही. "बघ, राजेसुद्धा धुळीतूनच आले की नाही लक्षात?"

या सगळ्यात तिच्या आईचं मशीन वेगळं. १९३६ सालचं, काळ्या टोपीचं, उभं. धड मूळचं, दांडा मात्र मूळचा नाही. त्या जागी हातभर लांबीची जाड लाकडी काठी आहे, दोन पितळी स्क्रूंनी बसवलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पटकन म्हणाले, "ही तर मागाची! सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटका मारते ती!" मेव्हिस म्हणाली, "दहा वर्षं संग्राहक येऊन बघून गेले. ओळखणारी तू पहिली." त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

तिची आई एडना इथल्या गिरणीत सहा माग चालवायची. अठ्ठावन्न साली गिरणी बंद झाली. शेवटच्या दिवशी एडनाने आपल्या मागाची काठी काढली, कोटाखाली लपवली आणि फाटकातून ताठ चालत बाहेर आली. त्यानंतर तिला काम मिळालं ते गिरणीमालकाच्याच घरी, गालिचे झाडायचं. मालकीणबाईंनी दांडा मोडलेलं मशीन भंगारात टाकायला सांगितलं. एडना ते घरी घेऊन आली आणि त्याला काठी बसवली. मग पुढची बावीस वर्षं तेच ढकलत तिने गावातली अर्धी घरं झाडली. काठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. मेव्हिसचा अंगठा त्यात बरोबर बसतो.

एडनाच्या थडग्यावर दगड नाही. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून गेल्या वर्षी, गावच्या संग्रहालयात घरकामाच्या जुन्या वस्तूंचं नवं दालन निघणार असं कळलं तेव्हा मेव्हिस माझ्याकडे धावत आली. आमच्या भागातल्या संग्राहक मंडळाच्या मेळाव्यात ज्या मशीनला पहिला क्रमांक मिळेल, ते त्या दालनाच्या दारात ठेवणार होते. खाली पितळी पाटी, पाटीवर ते वापरणाऱ्या कुटुंबाचं नाव.

"शीला, आईचं नाव पितळेत!"

मेळावा होता पाच नोव्हेंबरला, चर्चच्या सभागृहात. मीही गेले होते. अशा मेळाव्यात आधी डोळे मिटून मशीनचा आवाज ओळखायची स्पर्धा होते. पन्नास-साठ माणसं डोळे मिटून, माना कलत्या करून बसतात. कोणाला वाटेल प्रार्थना चाललीय. मग बटाटा-मटण भरलेली पेस्ट्री, चहा, आल्याचा केक. त्यानंतर निकाल.

मंडळाचे अध्यक्ष मिस्टर इंगम पेस्ट्रीचा घास घोळवत मेव्हिसच्या मशीनपाशी थांबले. "धड सुरेख राखलंय, मेव्हिस. पण काठीचं काय? कारखान्यातून निघालं तसं हवं. नियम तुला ठाऊक आहे."

"नियम तुमचा, काठी माझ्या आईची. बघा काय ते."

हे जवळ उभ्या असलेल्या बर्नर्ड टॅटर्सलने ऐकलं. बर्नर्ड सत्तरीचा, भला माणूस, मेव्हिसचा जुना मित्र. आम्ही दोघी चहा घ्यायला गेलो.

निकालाच्या वेळी मिस्टर इंगम मंचावरून म्हणाले, "पहिला क्रमांक, १९३६चं काळं उभं मशीन. मेव्हिस होल्डन!" टाळ्या पडल्या. मेव्हिस गुडघा सावरत मंचावर चढली आणि मशीनला हात लावायला गेली आणि मधेच थबकली.

दांडा पोलादी होता. काळी चकचकीत मूठ, एक ओरखडा नाही.

"हे कोणी केलं?"

बर्नर्ड उठून उभा राहिला. आनंदाने तोंड फुललेलं. "मी! अस्सल आहे मेव्हिस, त्याच वर्षाचा! तीन वर्षांपूर्वी ब्लॅकपूलच्या एका जुन्या घरात सापडला. तुझ्यासाठी जपून ठेवला होता. दोनच स्क्रू, पाच मिनिटांत बसला."

बर्नर्डवर रागवावं तरी कसं? अस्सल सुटा भाग देऊन टाकणं म्हणजे या लोकांत काळीज काढून देणं.

"आणि काठी?"

"कुठली? ते लाकूड होय? मागे अंगणात होळी रचलीय ना, तिच्यावर टाकलं."

पाच नोव्हेंबरला, राजाविरुद्धचा जुना कट फसल्याच्या आठवणीत, इथे गावोगाव होळी पेटते. चर्चची सहाला पेटायची होती. पाच वाजून गेले होते.

मेव्हिस तशीच मंचावरून उतरली आणि मधल्या वाटेने सरळ मागच्या दाराने बाहेर. मी तिच्यामागे, माझ्यामागे बर्नर्ड. अंगणात पुरुषभर उंच ढीग होता, मोडकी दारं, फळ्या, कोणाचा तरी सोफा. मेव्हिस त्यावर चढायला लागली.

"अगं, तुझा गुडघा!" मी ओरडले.

"गुडघे दोन आहेत. काठी एकच आहे."

रखवालदार रॉकेलचा डबा घेऊन आला होता. "बाई, खाली उतरा, पेटवायची वेळ झाली."

"मग माझ्यासकट पेटव. बघू तुझी छाती."

त्याने डबा खाली ठेवला. बर्नर्ड फळ्या ओढायला लागला, मीही पदर खोचला. मनात देवाचं नाव घेत होते, कोणत्या ते सांगत नाही. काठी सोफ्याच्या पाठीमागे घसरली होती. मेव्हिसने ती कोटाच्या बाहीने पुसली, खळग्यात अंगठा ठेवून पाहिला आणि खाली उतरली.

सभागृहात सगळे तसेच बसून होते. ती मंचावर गेली, पर्समधून पेचकस काढला आणि पोलादी दांड्याचा स्क्रू फिरवायला लागली.

"मेव्हिस," मिस्टर इंगम म्हणाले, "तो काढलास तर पहिला क्रमांक गेला. मला दुसऱ्याला द्यावा लागेल."

"द्या."

"संग्रहालय, पाटी, सगळं जाईल. मशीन अस्सल असावं, यात चूक काय आहे?"

मेव्हिस वळली. "मिस्टर इंगम, असं उभं मशीन पहिल्यांदा कोणी बनवलं? अमेरिकेतल्या दुकानात झाडझूड करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. धुळीने दम लागायचा म्हणून. साबणाचं खोकं, पंख्याची मोटार, उशीचा अभ्रा. आणि दांडा कसला लावला होता? झाडूचा! त्याला आज तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं, अस्सल नाही म्हणून. असा पोलादी दांडा होता तेव्हा मालकीणबाईंनी हे मशीन एक दिवसही हाताने ढकललं नाही, ते नोकरांनी ढकललं. काठी लावून माझ्या आईने बावीस वर्षं. तिला पुसून तिचं नाव पितळेवर लावणार होय? ठेवा तुमचं पितळ."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्टर इंगमनी पेस्ट्रीचे तुकडे पडलेल्या कागदावरचं तिचं नाव खोडलं.

मशीन डगमगत होतं, एकटीला स्क्रू बसेना. तेव्हा बर्नर्ड वर आला, गुडघ्यांवर बसला आणि धड घट्ट धरलं. तो एवढंच म्हणाला, "उजवीकडे थोडी." स्क्रू बसला. मेव्हिसने पिशवीची कडी अडकवली, वायर लावली. मशीन कडाडलं. मंचावरच्या गालिच्यावर केकचा भुगा पडला होता, तो ओढत ती अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत गेली आणि थांबली.

"पाय उचला, मिस्टर इंगम."

त्यांनी उचलले.

संग्रहालयाच्या दारात आता दुसरं मशीन आहे, खूप चकचकीत. एडनाचं मशीन मेव्हिसच्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीत आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. गळ्यातल्या चिठ्ठीवर ठळक लिहिलंय, 'एडना होल्डन, विणकर. दांडा तिचा.' खिडकीची वर सरकवायची झडप सैल झालीय, आपोआप खाली येते. म्हणून मेव्हिसने तिला पोलादी दांड्याचा टेकू दिलाय. बर्नर्ड दर गुरुवारी चहाला येतो, त्या टेकूकडे बघतो आणि कळवळतो.

"१९३६चा अस्सल आहे गं तो!"

"म्हणून तर इतकं छान धरून ठेवतो," मेव्हिस म्हणते, आणि त्याच्या कपात दुसरा चमचा साखर टाकते.