कॅसिनोचा मूळ अर्थ

समस्त मराठीजनांना कळवणे अत्यंत गरजेचे आहे, की कॅसिनो या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ आहे छोटंसं घर! ही थोर बातमी घेऊन मी संध्याकाळी शेजारच्या सुधाकरकडे गेलो. तो गॅलरीत बसून मोबाइलवर कॅसिनोच खेळत होता. पडद्यावर चक्र फिरत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून हिरवा, जांभळा उजेड सरकत होता. दूरच्या कुठल्याशा बागेतल्या घरात दिवे लागावेत आणि आपण रस्त्यावरून बघत राहावं, तसं मला वाटलं. मी अर्थ सांगितला. त्याने मानही वर केली नाही. महिनाभर नवऱ्याशी बोलायला ताटकळलेल्या मीनावहिनी मात्र दारातून पटकन बोलून गेल्या, “भावोजी, विचारा ना त्यांना, त्या घरात आणखी एक माणूस मावेल का? मला इथे एकटीला करमत नाही हो.”