ड्रॅगनसाठी बेंजो

बदलापूर गावात कुणाकडे हळद असली की सुजित भोईरचा बेंजो पार नदीपर्यंत ऐकू जायचा. पण तो वाजवणारा कोण, असं नाचणाऱ्यांना विचारलं असतं, तर निम्म्यांनी 'असेल कुणी पार्टीवाला' म्हणून हात झटकले असते. सुजितला त्याचं वाईट वाटत नसे. लोक नाचायला आलेत, आपलं तोंड बघायला नाही, असं त्याचे वडील शिवराम सांगायचे. 'शिवराम बेंजो पार्टी' त्यांनीच उभी केलेली. ते गेल्यावर पार्टी आणि बेंजो दोन्ही सुजितकडे आले.

बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी. वर बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या, आणि पेटीतून निघालेली वायर टेम्पोवरच्या भोंग्यांना जोडायची. दिवसा सुजित अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला असे. लग्नसराईत मात्र घरी येऊन दोन घास खाल्ले की पठ्ठ्या टेम्पोवर. पेटी गळ्यात अडकवून तो टेम्पोच्या कडेला उभा राहायचा आणि खाली बघत वाजवायचा. बोटं अशी पळायची की कोळणीने सुरमई कापावी.

अशाच एका वरातीत एका मुलीची स्कूटी अडकली. बाकीचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते. हिने गाडी बाजूला लावली, हेल्मेट काढलं आणि गर्दीतून वाट काढत थेट टेम्पोपाशी आली.

"दादा, मला तुमचा बेंजो पाहिजे!" ती ओरडली.

"तारीख कधीची?" सुजितने वरूनच विचारलं. "वैशाखातली असेल तर फुल आहे."

"लग्न नाही हो. अल्बम काढतोय आम्ही. पॉवर मेटल!"

तिचं नाव राजसी. अंबरनाथला राहायची, विम्याच्या ऑफिसात नोकरी करायची आणि गायची. नंबर देऊन ती निघून गेली. घरी आल्यावर सुजितने बायकोला सांगितलं, तर स्वप्नालीने भाकरी थापता थापता विचारलं, "पॉवर मेटल? एमआयडीसीच्या कुठल्या फेजमधली कंपनी?"

"कंपनी नाय गं. गाण्याचा प्रकार आहे, जोरदार गिटार-ड्रमवाला."

"मग जा की. लग्नातलीच गाणी किती वर्षं वाजवणार?"

रविवारी सुजित पेटी घेऊन उल्हासनगरला गेला. तिथल्या कॅम्प एक भागात कापडाच्या दुकानावर एक खोली होती, भिंतींना स्पंज लावलेली. तिथे राजसीचा भाऊ सोहम गिटार घेऊन बसला होता. रेकॉर्डिंगही तोच करायचा. राजसीने सुजितला अल्बमची गोष्ट सांगितली. नीलगड नावाचं राज्य. तिथली राणी परागंदा झालेली. तिला गड परत मिळवायचाय, आणि गडाच्या वाटेवर एक ड्रॅगन झोपलाय. सहा गाणी झाली होती. सातव्यात ड्रॅगन जागा होऊन राणीला पाठीवर घेतो आणि उडतो. ते उडणं गिटारमधून नीट येत नव्हतं.

सुजितने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "हा ड्रॅगन राणीच्या बाजूचा की विरोधातला?"

"आधी विरोधात. मग बाजूने."

"मग सुरुवातीला अडखळू दे त्याला. एवढं जड जनावर एकदम कसं उडेल? बारवी धरणाच्या पाण्यावरून बगळा उठताना बघितलाय? तो एवढासा, तरी आधी धडपडतो. मग जो पंख पसरतो..." त्याने हवेतच हात पसरला.

राजसी आणि सोहमने एकमेकांकडे बघितलं. हा माणूस गोष्टीत शिरला होता.

पण वाजवायला बसल्यावर गाडी रुळावरून घसरली. कानावर हेडफोन, त्यात ड्रमचा धडधडाट आणि वर ठेक्याची टिकटिक. सुजित खुर्चीत बसून स्पंजच्या भिंतीकडे बघत वाजवू लागला, आणि चार ओळींतच टिकटिकीच्या पुढे पळाला. पुन्हा घेतलं, तर मागे राहिला. दुपार टळली, चहा झाला, पुन्हा चहा झाला. "होतं असं, दादा," सोहम म्हणत राहिला, तसतसा सुजितला घाम फुटत गेला. वीस वर्षं ज्या बोटांनी कधी दगा दिला नव्हता, ती आज परक्याची वाटत होती. शेवटी त्याने पेटी खोळीत घातली.

"दुसरा कोणी बघा, ताई. माझ्याच्याने नाय व्हायचं."

घरी येऊन त्याने पेटी कोपऱ्यात ठेवली आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. स्वप्नालीने जेवायला वाढलं, थोडं खाऊ दिलं, मग विचारलं, "टेम्पोवर वाजवताना तू बघतोस कुठे?"

"खाली."

"खाली कुठे?"

सुजितने जरा विचार केला. "पायांकडे. नाचणाऱ्यांच्या."

"आणि त्या खोलीत कोण नाचत होतं?"

"तिथे कोण नाचणार? सगळे बसलेले."

"मग!" स्वप्नाली म्हणाली, जणू मिठाशिवाय आमटी कशी लागेल असं कुणी विचारलं होतं. "फोन लाव त्या मुलीला. म्हणावं, बायकोला घेऊन येतो."

स्वप्नालीला नाचाचं वेड होतं. सुजितने तिला पहिल्यांदा बघितलं तेच तिच्या मामेभावाच्या हळदीत, टेम्पोसमोर. म्हणजे खरं तर तिचे पाय बघितले होते, चेहरा नंतर.

पुढच्या रविवारी ती हिरवी साडी नेसून, पदर खोचून कॅम्प एकचा जिना चढली. सोहमने तिच्याही कानावर हेडफोन चढवला आणि गाणं सुरू केलं. तिने दोन पावलं टाकली आणि थांबली.

"अगं बाई, हे किती धावतंय! ह्याच्यात पाय कुठे टाकू?"

"वहिनी, नाही जमलं तरी चालेल," राजसी म्हणाली.

"थांब गं जरा." स्वप्नालीने डोळे मिटले, मान हलवत ऐकलं. एकदा, दोनदा. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "हां! प्रत्येक ठोक्यावर नाही टाकायचा. एक सोडून एकावर टाकायचा. मग आपलंच आहे की हे, हळदीचं!"

सुजित उभा राहिला. पेटी गळ्यात अडकवली. स्वप्नाली नाचू लागली आणि त्याची नजर आपोआप खाली गेली. ड्रॅगन आधी अडखळला, धडपडला, पंख आपटले. स्वप्नालीने गिरकी घेतली तशी सुजितची बोटं वरच्या सुरांवर सुटली. मग कुणाचंच कुणाकडे लक्ष राहिलं नाही. बेंजोची वायर थेट यंत्रात जात होती, त्यामुळे नाचाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरायची भीती नव्हती. राजसी चपला काढून नाचायला लागली. सोहमही खुर्ची सोडून हात वर करून उड्या मारू लागला. गाणं संपलं तेव्हा चौघेही धापा टाकत होते, आणि खालच्या दुकानातले शेठ दारात उभे राहून विचारत होते, "अरे भाई, किसकी शादी है?"

"ड्रॅगन की," सुजित म्हणाला, आणि सगळे हसत सुटले.

'नीलगडची राणी' हा अल्बम पावसाळ्यानंतर आला. सातव्या गाण्याखाली सुजित भोईर, बेंजो असं लिहिलेलं होतं. स्वप्नालीने ते मोबाइलवर मोठं करून शेजारणींना दाखवलं. कारखान्यात पॅकिंगवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत गाणं लावलं. एकाला ते आवाजच आवाज वाटलं, दुसऱ्याने लगेच पुन्हा लावायला सांगितलं.

दिवाळीनंतर उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. सुजितची आई बनूबाई कानात कापूस घालून स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून बसली, शेजारी स्वप्नाली. सातव्या गाण्याला राजसीने नाव पुकारलं तसा सुजित स्टेजच्या कडेला आला, सवयीने खाली बघितलं, आणि गडबडला. काळे टीशर्ट घातलेली पोरं इतकी दाटीवाटीने उभी होती की एकाचाही पाय दिसेना. दिसत होते फक्त केस. पोरं माना अशी घुमवत होती, की बनूबाईने स्वप्नालीच्या कानाला लागून विचारलं, "आगो, यांच्या आंगान आलंय कं?"

सुजितने क्षणभर ती डोकी बघितली. वर, खाली, वर, खाली. ठेका तोच होता, फक्त वरच्या अंगाला गेला होता. तो हसला आणि त्याने पहिली तार छेडली. ड्रॅगन उठला तेव्हा शेकडो हात वर गेले. कुणीतरी "सुजितदादा!" म्हणून आरोळी ठोकली, मग ती सगळ्या हॉलने उचलली. सुजितला वाटलं, आपल्या मागे दुसरा कोणी सुजित उभा आहे की काय. त्याने खरंच एकदा मागे वळून बघितलं.

घरी जाताना रिक्षात तिघंही चिकटून बसली होती, मांडीवर पेटी. बनूबाईने कानातला कापूस काढला आणि म्हणाली, "सगला बरा झाला. पन त्या जनावराचा पुरं काय झाला? राणीला गरावर सोरलन, मंग त्यो गेला कुठं?"

"पुढचा अल्बम अजून लिहायचाय, आये."

"तवर कोन थांबल? तूच सांग."

मग सुजित सांगू लागला, आणि मधे मधे स्वप्नाली त्याला दुरुस्त करू लागली.