निवडून उरलेला ढीग

इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्यांना काही शब्दांची धास्तीच असते. 'प्रॉमिस्क्युअस' हा त्यातला एक. फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते, कारण चालचलणुकीचा तेवढा एकच अर्थ सगळ्यांनी मोबाईलवर पाहून ठेवलेला असतो. मूळचा अर्थ बिचारा साधा आहे: निवड न करता एकात एक मिसळलेलं. त्या मे महिन्यात मी मुलांसाठी त्याचे समानार्थी शब्द शोधत बसले होते. सरमिसळ, सरसकट, भेसळ, खिचडी. एकही धड बसेना. भेसळीत लबाडी येते, खिचडीत निदान मीठ तरी बघून घालतात, आणि सरसकट म्हटलं की आमच्याकडे थेट कांद्याचा लिलाव आठवतो.

सासूबाई समोर बसून माझी तगमग बघत होत्या. नामपूरजवळच्या घरात एकट्या कशाला, म्हणून नवऱ्याने त्यांना दिवाळीनंतर नाशिकला आणलं होतं. गावात दिवसभर बोलणारी ही बाई आमच्या फ्लॅटमध्ये पार मुकी झाली. आल्या आल्याच लिफ्टमध्ये त्यांची अहिराणी ऐकून शेजारची एक बाई फिस्सकन हसली होती. तेव्हापासून त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, की इमारतीचे वर्षाचे कांदे घेऊन गावाहून जो टेंपो येतो, त्यातच बसून परत जायचं. तो टेंपो त्याच दिवशी यायचा होता आणि बोचकं दाराशी तयार होतं. मला त्या जायला नको होत्या. पण सुनेने 'राहा' म्हणायचं आणि सासूने ऐकायचं, ही पद्धत आमच्या घरात नाही.

"काय लिखी राहिनी व?" त्यांनी विचारलं.

मी सभ्य अर्थ तेवढा सांगितला. "सगळं न बघता एकात मिसळलेलं, त्याला काय म्हणावं ते शोधतेय, आई."

"म्हंजे बिगर निवडेल," त्या म्हणाल्या. "तसं ठेवू नही. सडी जास."

मी ते लिहून घेतलं. पुढे वर्गात मुलं या शब्दालाही हसली, पण निदान अर्थ कळून.

तेवढ्यात खाली टेंपोचा हॉर्न वाजला. आमच्या इमारतीची रीत अशी: कांदे सरसकट घ्यायचे, कारण तसे स्वस्त पडतात, पार्किंगमध्ये ओतायचे आणि घमेल्याने ज्याच्या त्याच्या गोणीत भरायचे. निवडत कुणीच नाही. मग गणपतीपर्यंत जिन्यात वास सुटतो आणि सगळ्या बाया मिळून कांद्याला नावं ठेवतात. सासूबाई बाल्कनीतून बघत होत्या. दुसरी गोणी ओतेपर्यंत त्यांनी कळ काढली. मग पदर खोचून तिन्ही जिने उतरल्या.

"थांबा व बाया!"

बाया थांबल्याच. त्यांनी ढिगाशी बसकण मारली आणि कांदे वेगळे करायला लागल्या. जाड मानेचे ते डेंगळे, दोन एकत्र चिकटलेले ते जोड, बारकी ती गोल्टी. हे टिकत नाहीत, आधी खायचे. बारीक मानेचे, सुकलेले तेवढे साठवायचे. त्या अहिराणीत सांगत होत्या, बाया मराठीत विचारत होत्या, एक तर हिंदीतच बोलत होती, पण अर्थ विचारायची वेळ कुणावर आली नाही. लिफ्टमध्ये हसलेली बाई त्यांना अगदी खेटून बसली होती. प्रत्येक कांदा उचलून "काकू, हा?" चाललं होतं.

"हाऊ जोड शे. तथा टाक," म्हणत सासूबाई पलीकडच्या ढिगाकडे बोट दाखवायच्या.

मला तिचा राग धरून ठेवायचा होता, पण जमलं नाही.

संध्याकाळी चांगला माल घरोघर गेला आणि कुणालाच नको असलेला ढीग उरला. मी बोचकं घेऊन खाली आले होते. टेंपो चालवणारा त्यांचा पुतण्या म्हणाला, "मोठमाय, बस गाडीमा."

त्यांनी बोचक्याकडे बघितलं, मग ढिगाकडे. "येवढा माल सडी जाई. हाऊ ढीग सरू दे, मंग येसू."

ढीग लिफ्टने आमच्या स्वयंपाकघरात आला. बोचकंही आलं. दुसऱ्या दिवसापासून बायांची रीघ लागली. "काकू, दोन जोड द्या," म्हणून यायच्या आणि तासभर बसायच्या. घर भरलं, पण ढीग उतरायला लागला, आणि तो सरला की त्या जाणार होत्या. मग मी त्या अंघोळीला गेल्या की साठवणीतले मूठभर चांगले कांदे त्यात सोडायला लागले. नवरा म्हणाला, "आईला कळेल." त्या मात्र त्याच ढिगातून बायांना कांदे देत राहिल्या. मला वाटलं, नजर अधू झाली असेल.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शिकवणी रद्द झाली आणि मी दुपारीच घरी आले. सासूबाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पदरात साठवणीतले चांगले, बारीक मानेचे कांदे होते. ते त्यांनी एकेक करून ढिगात टाकले, वरून हात फिरवून कालवले आणि वळल्या. मी दारात.

"आजून सरना नही हाऊ ढीग," त्या म्हणाल्या.

"कसा सरेल, आई?" मी म्हणाले आणि चहाचं आधण ठेवलं.