धूळ न दिसलेला चौरस्ता

आर्डन वोपाल्का सव्वीस उन्हाळे हॉल्मरच्या शाळेत पोरांना गाडी शिकवत होता, आणि शिकायला आलेलं पोर त्याला अजून भेटायचं होतं. सगळी आधीच शिकून येत. नवव्या वर्षी बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर, अकराव्या वर्षी पिकअप, चौदाव्या वर्षी वोपाल्का सरांची सही. सही झाली की शाळेचा परवाना मिळतो, पोर एकटं गाडी घेऊन शाळेत जातं आणि आईबापाची सकाळची कटकट मिटते. त्या सहीपलीकडे गावाला सरांचा काही उपयोग नव्हता.

गणित शिकवणं सुटलं होतं, बायको गेली होती. उरले होते उन्हाळ्याचे हे सात आठवडे. थेट मान्य केलं नसतं त्यानं, पण मे महिना लागला की तो दाढी रोज करायचा.

हॉल्मरभोवती दर मैलाला एक खडीचा रस्ता दुसऱ्याला काटकोनात छेदतो. पाटी नाही, दिवा नाही. जूनपर्यंत चारी बाजूंना लांबवर दिसतं म्हणून कुणी थांबत नाही. जुलैत मका डोक्यावर जातो, काहीच दिसत नाही, तरी कुणी थांबत नाही. धूळ दिसते की, असं लोक म्हणतात. आडवी गाडी येत असली तर मक्यावर धूळ उठते, नसली तर रस्ता मोकळा. पाऊस पडून गेल्यावर धूळ उठत नाही, एवढं ज्ञान त्या गावाला शंभर वर्षांत झालं नव्हतं. मधूनच एखाद्या घराला ते व्हायचं. मग अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅम सँडविच खायचे, मुलगा किती गुणी होता ते सांगायचे, आणि भरधाव घरी जायचे.

टेगन कूलमनची शेवटची फेरी पावसानंतरच्या सकाळी होती. तिचा बाप ड्वाइट शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष.

"पुढे चौरस्ता आहे," आर्डन म्हणाला.

"माहितीये सर. धूळ नाहीये."

"रात्री पाऊस पडलाय."

"मग?"

त्यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी खडीवर तिरकी घसरत थांबली, आणि नाकासमोरून डुकरांनी भरलेला ट्रेलर धडधडत गेला. एका डुकरानं जाळीतून त्यांच्याकडे बघितलं. ट्रेलर ओढणाऱ्यानं बघितलं नाही.

टेगनचा चेहरा पांढरा पडला होता. पण कूलमनांच्या घरात पांढरा चेहरा फार वेळ टिकत नाही.

"तुम्ही मध्येच ब्रेक मारलात म्हणून घसरली," ती म्हणाली. "मी एकटी असते तर तो यायच्या आत गेले असते."

आर्डननं सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्वाइट आला. टोपी काढली, खुर्ची ओढली.

"सर, पोरगी कालपासून जेवली नाही नीट. ऑगस्टात तिचा व्हॉलीबॉलचा सराव सुरू होतोय. तिला रोज सोडायचं कुणी?"

"तू."

"मी शेत कधी बघू?"

"रस्ता बघत नाहीस, तर शेतच बघ."

ड्वाइट हसला. "मलाही तुम्हीच पास केलं होतंत, सर."

"तेव्हा मी नवीन होतो."

ड्वाइट आता हसला नाही. "सोमवारी तुमच्या वर्गाचा विषय निघतोय. बाकीचे म्हणतात, घरोघर आईबाप शिकवतातच, शाळेला काय गरज? मी विषय मागे ठेवू शकतो. सही केलीत, तर ठेवीनच."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आर्डननं त्याला दार दाखवलं, आणि त्या आठवड्यात दोनदा फॉर्म काढून त्यावर पेन टेकवलं. दोन्ही वेळा ते डुक्कर आठवलं.

सोमवारी संध्याकाळी ग्रंथालयात मंडळ बसलं. टेबलावर बशीत जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाची, होते, खिडक्यांतून ऊन येत होतं. ड्वाइटनं पोरीला उभं केलं. तिनंच सांगावं, सर किती खडूसपणे वागतात.

आर्डननं एकच विचारलं. "टेगन, त्या चौरस्त्यावर तू डावीउजवीकडे बघितलंस का?"

"नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही बघत. पप्पा पण नाही बघत."

सगळी खोली हसली. ड्वाइट सगळ्यांत मोठ्यानं. कुणीतरी म्हणालं, "पोरगी खरं बोलते हं!" पोरीचं कौतुक झालं. आर्डननं त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. त्यांतली निम्मी त्यानंच पास केली होती.

पाच विरुद्ध एक मतानं वर्ग बंद झाला. ते एक मत मंडळातल्या बहिऱ्या मिसेस झिमाचं होतं, आणि ते चुकून पडल्याचं तिनं लगेच सांगितलं. मग टाळ्या झाल्या, सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल.

आर्डननं खिशातून फॉर्म काढला, उभ्याउभ्याच त्यावर लिहिलं, "नापास. चौरस्त्यावर बघत नाही," आणि बशीशेजारी ठेवला.

"असू दे सर," ड्वाइट समजुतीनं म्हणाला. "आता तिची आई सही करेल."

आर्डन बाहेर येऊन आवारात उभा राहिला. पिकअप एकामागून एक मोठ्या रस्त्याला लागत होत्या. गाव सभ्य होतं. जाणारा प्रत्येक जण मान वळवून त्याला हात करत होता, त्यामुळे रस्त्याकडे कुणाचंच तोंड नव्हतं. कूलमनांची गाडी टेगन चालवत होती. तिनंही हात केला.