व्याह्यांचा अंगठा

आमच्या व्याह्यांइतका आधुनिक माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नाही, असं खुद्द आमच्या व्याह्यांचं ठाम मत आहे. ते त्यांनी मला, माझ्या बायकोला, कट्टा गावच्या बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना आणि एकदा कणकवलीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलेलं आहे. कमरेला पंचा, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन मोबाइल, हा त्यांचा आधुनिक वेष. मोबाइलला पावसाचं पाणी लागू नये म्हणून दोन्ही मोबाइल ते आपल्याच कारखान्यातल्या काजूच्या पिशवीत घालून, तिचं तोंड यंत्रावर चिकटवून घेतात. फोन आला की पिशवी दातांनी फाडायची, बोलायचं, आणि परत नवीन पिशवी. त्यामुळे त्यांना फोन केला की पहिल्यांदा नुसतं चर्रर्र असं ऐकू येतं आणि मग "बोला पावण्यानू" हे शब्द येतात. फोन लावणाऱ्या नवख्या माणसाला वाटतं, पलीकडे कुणीतरी कापड फाडतंय.

कट्ट्याजवळ त्यांचा काजूचा कारखाना आहे. आमची शलाका कोल्हापूरला संगणक शिकली आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलाला दिली. जावईबापू बोटीवर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले महिने झोपेत. तेव्हा लग्न होऊन पहिली चतुर्थी व्हायच्या आतच व्याह्यांनी सुनेला बोलावून सांगितलं, "गो बाय, शिकलंस ता काय भाकऱ्यो थापूक? फाल्यापासून कारखान्यात ये." सुनेला उद्यापासूनच कामावर ये म्हणणारा सासरा! मुलीचा बाप म्हणून मला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की मी त्या माणसाचे पुढचे सगळे अपराध तिथल्या तिथे माफ करून टाकले. पुढे तसे पुष्कळ माफ करावे लागले.

कारण त्याच सुमारास कुडाळला एका हॉटेलात उद्योजकांचं शिबिर झालं आणि व्याही जेवणासकट ते ऐकून आले. येताना 'डिजिटल' हा एक शब्द घेऊन आले आणि त्याच पावली माझ्या घरी येऊन म्हणाले, "पावण्यानू, आता जो डिजिटल होवचो नाय, तो संपलो." मी बँकेत नोकरी केलेला माणूस. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा साहेबापासून शिपायापर्यंत सगळे डोक्याला हात लावून बसलेले मी पाहिले होते. मी म्हटलं, जरा दमानं घ्या, एकेक गोष्ट करा. त्यावर ते म्हणाले, "तुमची बँक सरकारी. तुमका दम परवाडता." आणि आमच्या हिच्या हातचा चहा बशीत ओतून, तो न संपवताच निघून गेले.

पहिला संगणक आला त्या दिवशी मी कारखान्यात हजर होतो. शलाका वायरी जोडायला गेली तर व्याह्यांनी तिला थांबवलं. संगणकापुढे पाट मांडला, त्यावर पानाचा विडा आणि नारळ ठेवला, काजू फोडणाऱ्या साऱ्या बायकांना बोलावून मागे उभं केलं आणि हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो कंप्युटर तुझ्या लेकरान कारखान्यात आणून ठेवलेलो आसा, त्येका वायरस म्हणा, व्होल्टेज म्हणा, नायतर कोणाची वायट नजर म्हणा, काय एक इडापिडा आसात ती भायल्याभायर दूर कर रे म्हाराजा!" मागून बायका एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" पुण्याहून संगणक बसवायला आलेला तरुण दोन्ही हात पोटाशी धरून उभा होता. त्याला वाटलं, हे झालं की बटण दाबायचं. पण नाही. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, मग चहा झाला, आणि चहा झाला तोवर एक वाजला. एक वाजला म्हणजे कारखाना जेवायला आणि आडवा व्हायला गेला. त्या तरुणानं चार वाजेपर्यंत आंब्याखाली बसून काय विचार केला असेल, देव जाणे.

ही दुपारची झोप हा व्याह्यांच्या धर्माचा भाग आहे. शलाकानं वेबसाइट उघडली, देशभरातून ऑर्डरी यायला लागल्या, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की दुपारी एक ते चार एकही ऑर्डर येत नाही. शोधता शोधता कळलं, की सासऱ्यांनी त्या पुण्याच्या तरुणाला परस्पर फोन करून वेबसाइटला तीन तास कुलूप घालायला लावलं होतं. तेवढ्या वेळात कुणी वेबसाइट उघडली तर पाटी दिसे, 'दुकान चार वाजता उघडेल. सध्या सर्वजण झोपले आहेत.' शलाका म्हणाली, "बाबा, वेबसाइटला माणूस लागत नाही, ती रात्रंदिवस चालते." व्याही दुखावले. "कोणी दुपारचा दार वाजवल्यान तर तू उठतंस? मगे त्या बिचाऱ्या वेबसायटीन कित्या उठाचा?" याच न्यायानं चतुर्थीत वेबसाइट गणपती विसर्जन होईपर्यंत बंद होती. नागपूरच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, की तुमच्याकडे काजू संपले का? व्याह्यांनी त्यांना गणपतीला यायचं आमंत्रण दिलं. त्या बाई आता दरवर्षी ऑर्डर देतात आणि चार वाजल्यानंतरच देतात. याला व्यवस्थापनाच्या पुस्तकात काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण माझा अभ्यास तिथे संपला.

कामगार बायकांचा व्हॉट्सॲप गट तर त्यांनी असा काही चालवला, की आकाशवाणीनं शिकावं. लिहायचा त्यांना कंटाळा. सगळं बोलूनच पाठवायचं, आणि तेही असं, की जणू बायका खाडीच्या पलीकडे उभ्या आहेत. "आज सोललेल्या सफेद गराचा काम आसा, हात धुवन येवा. कट्ट्यार बांगडो बरो इलो हा, घेवचो आसात तर आधी घेवा आणि मगे येवा, उशीर झालो तरी चलात." कारखान्याचा मालक उशीर झाला तरी चालेल म्हणतो, हे माझ्यातल्या बँकवाल्याला पटेना. पण त्या दिवशी बायका बांगडे घेऊन, हसत, वेळेच्या आधीच आल्या, असं शलाका सांगत होती. मी काही पाहायला गेलो नव्हतो.

असं सगळं गमतीत चाललं असताना अंगठ्याचं प्रकरण उद्भवलं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं वर्षभर माल उचलण्याचं कबूल केलं होतं. अट एकच, कारखान्यात कोण काम करतं, कधी येतं, कधी जातं, ही हजेरी संगणकात पाहिजे, आणि त्यांची माणसं येऊन ते पाहणार. शलाका महिनाभर त्यासाठी धावत होती. हा करार झाला तर पावसाळ्यातसुद्धा कारखाना बंद ठेवावा लागणार नव्हता आणि बायकांना बारा महिने काम मिळणार होतं. तिनं दारात अंगठा लावायचं यंत्र बसवलं. व्याह्यांनी अर्थातच त्यालाही नारळ फोडला, हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि गाऱ्हाण्यात त्याला सांगितलं, "जो कोण तुझ्यार हात ठेवतलो, त्येका तुझो मानून घे रे म्हाराजा!"

आणि यंत्रानं कुणालाच आपलं मानलं नाही. काजूच्या टरफलात जो चीक असतो, तो फार वाईट. राख लावा, खोबरेल लावा, वर्षानुवर्षं काजू फोडून बायकांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेलेल्या. पॅकिंगमधल्या नव्या मुलींचे अंगठे उठले, पण काजू फोडणाऱ्या जुन्या बायका एकामागून एक अंगठा ठेवत होत्या आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणत होती, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." सगळ्यांत जुनी ती सुलूबाय. तिनं पदराला हात पुसून पुसून अंगठा लावला आणि शेवटी व्याह्यांकडे बघून म्हणाली, "मालकानू, ह्या नाय म्हणता." दुसऱ्या कुठल्या गावात असं म्हणाले असते, की यंत्र बिघडलं. पण ज्याला हार घातला, नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं, ते नाही म्हणालं म्हणजे देवानं डावा कौल देऊन नकार कळवल्यासारखंच झालं. त्याच्यावर कसली वादावादी करायची! संध्याकाळपर्यंत बाजारात बोलणं झालं, की मुंबईच्या कंपनीला जुन्या बायका नकोत आणि कुणाला काढायचं ते यंत्रानं दाखवून दिलं. दुसऱ्या दिवशी काजू फोडायच्या पाटांवर कुणीच आलं नाही.

शलाकाचा मला फोन आला तेव्हा ती रडत होती. "पप्पा, माझ्यामुळे झालं. परवा मुंबईची माणसं येणार आणि कारखान्यात कुणी नाही. मी घरोघर जाऊन आले. कुणी दार उघडत नाही असं नाही, चहा देतात, पण येत नाही म्हणतात." मी स्कूटर काढली. कुडाळहून कट्ट्यापर्यंत मी मनात भाषण तयार करत होतो. व्याह्यांना सांगायचं, की पोरीला बोल लावू नका, तिनं चांगल्यासाठीच केलं. आजवरची सगळी गंमत एकीकडे आणि चालता कारखाना सुनेच्या हातून बंद पडणं एकीकडे.

जाऊन बघतो तर व्याही दारात एकटेच उभे. पंचा सावरत यंत्रावर अंगठा ठेवतायत, काढतायत, फुंकर घालून पुन्हा ठेवतायत. यंत्रातली बाई म्हणतेय, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मला वाटलं, संपलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. इतक्यात त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा असा फुललेला, जणू नातू झालाय. "पावण्यानू, ह्या माका पण वळखणा नाय!" मी म्हटलं, "म्हणजे?" तेव्हा कळलं, की लहानपणी आईबरोबर दुसऱ्याच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, बसून तेही काजू फोडत. कारखाना काढला तोही त्याच हातांनी, पहिली कित्येक वर्षं बायकांच्या रांगेत बसून. त्यांनी आपला अंगठा माझ्यापुढे धरला. गुळगुळीत, चकचकीत. मी इतकी वर्षं त्या माणसाशी हात जोडून नमस्कार करत आलो. त्यांचा हात कधी नीट पाहिलाच नव्हता.

मग त्यांनी शलाकाला हाक मारली, डोळे पुसायला लावले आणि मोबाइल धरायला सांगितलं. यंत्रापुढे उभं राहून, अंगठा लावून, यंत्रातल्या बाईचा नकार सगळ्यांना ऐकू जाईल असा ऐकवून, ते बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर बोलले. "बायांनू, बगा. ह्या मशिनान माका पण कामावरसून काडल्यान. कारखानो माझो, मशीन माझा, नारळ मी फोडलंय, आणि ता माकाच सांगता, परत प्रयत्न कर. आता मालक पण घराक बसलो. मगे हयसर रवला कोण? मशीन एकटाच. ता काय काजी फोडतला?" इथे त्यांनी शलाकाच्या हातातला मोबाइल आपल्या तोंडाजवळ ओढला. "तुमी नाय तर मी कोणाचो मालक गो? फाल्या येवा सगळ्यो."

आधी कुणीतरी हसण्याचं चित्र पाठवलं. मग दुसरीनं. मग सुलूबायचा आवाज आला, "मालकानू, तुमका काडल्यान तर आमच्या रांगेत बसा येवन." मी तिथल्या पोत्यावर मटकन बसलो आणि हुश्श केलं. व्याही तर लहान मुलासारखे तो आवाज पुन्हा पुन्हा लावून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. शलाकानं अंगठ्याचं यंत्र काढून चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं, मुंबईची माणसं येऊन पाहून गेली, वर जेवून गेली, आणि करार झाला. या नव्या यंत्राला मात्र व्याह्यांनी हार घातला नाही. म्हणाले, "ह्येका कामगार म्हणानच ठेवया."

तेव्हापासून सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायचा त्यांना नवा नाद लागलाय. बाई दारात आली, की यंत्राच्या पडद्यावर नाव उमटायच्या आत तिच्या नावानं हाक मारायची. जिंकले की मांडीवर थाप. "परत हरवलंय तेका!" दिवसभर हा विजय ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मीही शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. बायका येत होत्या, व्याही जिंकत होते. आणि सुलूबाय दारात आली. व्याह्यांनी तोंड उघडलं, हात वर केला, आणि हात तसाच राहिला. ते तिच्याकडे पाहत होते, चांगलं ओळखीचं हसत होते, पण नाव येत नव्हतं. वय झालंय आता त्यांचं. मी मान वळवून रस्त्याकडे पाहू लागलो. पडद्यावर नाव उमटलं आणि यंत्र म्हणालं, "धन्यवाद."

सुलूबाय क्षणभर थांबली. मग चप्पल काढून आत गेली. व्याही बराच वेळ पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता मनाला लावून घेतील. पण त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरा झाला, पावण्यानू," ते म्हणाले. "मी इसारलंय तरी ह्या मशीन इसराचा नाय."