हद्दीचा दगड आणि नीलपंख

वडगावच्या नागेंद्रला हळू बोलता येत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करूही नये. दारातल्या पाहुण्याला तो 'या, बसा' म्हणतो ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. असा हा माणूस थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी शेतात जाऊन तासन्‌तास तोंड मिटून बसतो, हे त्याच्या बायकोला, यल्लव्वाला, अजून खरं वाटत नाही.

कारण एकच, ती लेन्स. खडेबाजारातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा ती नागेंद्रकडे आली. हातभर लांब, वरवंट्यासारखी जड, आणि वयानं त्याच्या बरोबरीची. हल्लीचे कॅमेरे आपला फोकस आपणच लावतात. हिला ते ठाऊक नाही. हिच्या अंगावरचं कडं हातानं फिरवायचं, धूसर दिसतंय ते स्वच्छ होईपर्यंत फिरवायचं, आणि तेवढ्यात पक्षी उडून जायचा.

"तोफ घिऊन निघाला व्हय?" यल्लव्वा विचारते. "आजपातूर एक चिमणी तरी गावली का?"

चिमणी त्याला नकोच होती. त्याला हवा होता नीलपंख. बसलेला असताना हा पक्षी अगदीच मातकट दिसतो. पंख उघडले की मात्र असा निळा बाहेर पडतो, की जन्मभर निळ्या साड्या विणणाऱ्या नागेंद्रला तसला रंग कुठल्याच रंगाऱ्यानं दिला नव्हता. तो उघडा पंख एकदा स्वच्छ मिळाला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

कडं फिरवत पाखरामागे धावण्यात अर्थ नाही, हे त्याला लवकरच कळलं. नीलपंख पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन बसतो. तेव्हा फोकस आधीच त्या जागेवर लावायचा आणि गप्प वाट बघायची. ती जागा सापडली येळ्ळूर रस्त्याच्या खालच्या अंगाला, गुणाबाई नावाच्या शेतकरणीच्या मसुरीच्या शेतात. बांधावरचा हद्दीचा दगड. तिपाईवर लेन्स चढवून, मागं कॅमेरा जोडून नागेंद्र त्या दगडावर नेम धरून बसू लागला, त्याला यंदाचा हा तिसरा हिवाळा.

दोन वर्षं गुणाबाई त्याला खुळा समजत होती, म्हणून सगळं सुरळीत चाललं. यंदा मात्र नवा रस्ता इकडूनच जाणार अशी आवई उठली, आणि खुळ्याचा एकदम सरकारी माणूस झाला.

"कुणी धाडलंय अण्णा तुमास्नी?" एका सकाळी तिनं हातातला विळा खाली न ठेवताच विचारलं.

"मला? कुणी न्हाय आक्का. पक्षी बघतोय." त्याच्या आवाजानं पलीकडच्या शेतातले बगळे उठले.

"रोज दगडाकडं तोंड करून पक्षी बघतोय?" बांधापलीकडच्या शेताचा मालक रवळू पुढं आला. "सर्व्हेवाला हाय ह्यो, मावशे. रस्त्याची मोजणी चालू झाली."

गुणाबाईची कॉलेजात जाणारी लेक स्वरूपा लेन्सवर वाकली. "आई, हिच्यावर आकडे हाईत. फूट लिवलंय. खाली मीटरबी हाय."

खोटं नव्हतं ते. समोरची वस्तू किती लांब आहे, त्याचे आकडे जुन्या लेन्सवर कोरलेले असतात. गप्प बसायचं सोडून नागेंद्र समजावायला गेला. "ते फोकसचं असतंय हो. आता ह्यो दगड बघा, बरोबर चाळीस फुटावर हाय."

झालं. रवळूनं कॅमेरा सोडून नुसती लेन्स तिपाईवरून उतरवली. गुणाबाईनं ती त्याच्या हातातून काढून पदराखाली घेतली आणि म्हणाली, "सर्व्हेवाला न्हाय म्हणून दाखवा, मग घिऊन जावा."

त्या दिवशी माग चालू होते, पण नागेंद्र कुणावर ओरडला नाही. यल्लव्वा घाबरली. रोज त्या तोफेला नावं ठेवणारी ती, शेवटी तीच म्हणाली, "एवढं फोटो काढलंय न्हवं? न्हिऊन दाखवा की. चला, मी येते."

दोघं गुणाबाईच्या घरी, पुढच्या सोप्यात जाऊन बसले. रवळूही आला, त्याला चैन कुठली. नागेंद्रनं तिन्ही हिवाळ्यांचे फोटो घोंगडीवर मांडले, आणि मांडता मांडता त्याचा चेहरा उतरला. प्रत्येक फोटोत दगड असा स्वच्छ, की त्यावरची चुन्याची रेघसुद्धा मोजून घ्यावी. पक्षी? एकात नुसती शेपटी. एकात निळा फराटा. बाकीच्यांत तोही नाही.

यल्लव्वा आधी हसली. "ह्या धोंड्यासाठी उठता व्हय पहाटचं?"

"मी काय म्हणलो?" रवळू म्हणाला. "मोजणीच ही."

गुणाबाई हसली नाही. तिनं दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. "ह्यो कधीचा?"

"पैल्या वर्साचा."

"आन ह्यो?"

"परवाचा."

पहिल्यात दगडाच्या रवळूकडच्या अंगाला गवताची चांगली रुंद पट्टी होती. परवाच्यात नांगरट थेट दगडाला येऊन भिडली होती. रवळू बांध कोरतोय म्हणून गुणाबाई दोन वर्षं बोंबलत होती, आणि अख्खी भावकी तिला भास होतोय म्हणत होती.

"रवळू, ह्ये गवात कुठं गेलं रं?"

रवळूनं फोटो जवळ धरला, मग लांब धरला. "फोटोत काय खरं दिसतंय, मावशे. जाऊ दे, बिचाऱ्याची दुर्बीण दिऊन टाक. पाखराचा नाद हाय त्येला. मोजणीबिजणी काय न्हाय."

"आत्ता तर सर्व्हेवाला हुता."

गुणाबाई आत गेली आणि लेन्स घेऊन आली. "दर थंडीला यायचं अण्णा. दगड असाच लख्ख दिसला पायजे."

"आन पक्षी?" नागेंद्रनं विचारलं. इतक्या हळू तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता, असं यल्लव्वा सांगते.

"आला तर येऊ दे. मी कशाला नको म्हणू?"

पुढच्याच आठवड्यात तो आला. दगडावर उतरताना दोन्ही पंख सताड उघडे, आणि फोकस जागच्या जागी. नागेंद्रनं अशी आरोळी ठोकली, की मसुरीतल्या बायका विळे टाकून धावत आल्या. गुणाबाईनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ निरखून पाहिलं.

"रंग झ्याक हाय," ती म्हणाली. "पर दगड झाकला की ह्येनं. दुसरा काढा."